पीएस४ प्रो की एक्सबॉक्स वन एक्स?

एका पिढीच्या मध्येच येणाऱ्या नव्या गेमिंग कन्सोलची कुजबुज सुरू झाली की सगळे टेराफ्लॉप, म्हणजे ग्राफिक्स चिपचा गणिताचा वेग, मोजायला बसतात. मला दर वेळी ही जुनी जोडी आठवते.

सोनीचा पीएस४ प्रो नोव्हेंबर २०१६ मध्ये आला, अमेरिकेत ३९९ डॉलरला. मायक्रोसॉफ्टचा वन एक्स वर्षभराने, ४९९ डॉलरला. कागदावर सामना एकतर्फी होता: ४.२ टेराफ्लॉपसमोर ६. पण मला मोठा फरक दिसतो तो मेमरीत. प्रोकडे ८ जीबी वेगवान मेमरी, वन एक्सकडे १२. वेगही सेकंदाला २१८ जीबीसमोर ३२६. फोर-के, म्हणजे खूप जास्त पिक्सेलच्या, चित्राला हे सगळं लागतंच. म्हणून प्रोवर अनेक गेम चेकरबोर्ड पद्धत वापरायचे: बुद्धिबळाच्या पटासारखे अर्धेच पिक्सेल नव्याने काढायचे, उरलेले आधीच्या फ्रेमच्या आधाराने भरायचे. ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

फोर-के ब्लू-रे डिस्क मात्र फक्त वन एक्सवर चालायची.

तरीही मी प्रोच निवडेन, सोनीच्या स्वतःच्या गेमसाठी. कारण एका बाबतीत दोघेही सारखेच अडले. मुख्य प्रोसेसर मूळ कन्सोलमधलाच जुना जॅग्वार, फक्त थोड्या जास्त वेगाने चालवलेला. त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेमवरचे कितीतरी गेम दोन्हीकडे ३०वरच राहिले. २०२४च्या पीएस५ प्रोमध्येही मूळ पीएस५चाच झेन २ प्रोसेसर राहिला. म्हणून नवी अफवा वाचताना मी टेराफ्लॉपच्या आधी प्रोसेसरची ओळ शोधतो.