झिरकोनिया, मेटल-सिरॅमिक की साधी मेटल? दाढेची कॅप निवडताना आधी खुंट बघा

रूट कॅनल झालं की डॉक्टर कागदावर तीन-चार किमती लिहून देतात. साधी मेटल, मेटल-सिरॅमिक, झिरकोनिया, कधी ई-मॅक्स. घरी चर्चा सुरू होते आणि फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते : यातली न फुटणारी कुठली? कोल्हापुरात हा प्रश्न पडणारच. आपल्याकडं रश्श्यात नळी आली तर ती न फोडता कोण ठेवतं? ऊस दातानं सोलून खाणारी माणसं अजून गावोगाव आहेत, आणि जेवणानंतर सुपारी चघळणारीही.

मी दातांच्या लॅबमध्ये कॅप बनवतो. आमच्याकडं परत येणाऱ्या झिरकोनिया कॅप पाहिल्या तर बहुतेक अख्ख्या असतात. तडा नाही, टवका नाही. त्या फुटलेल्या नसतात, दातावरून निघालेल्या असतात. म्हणून निवड करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की फुटण्याची काळजी थोडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा, ‘माझ्या दाढेचा जो खुंट (कॅप बसवायला घासून उरलेला दात) उरलाय त्याला ही कॅप धरून राहील का?’ या एका प्रश्नानं कागदावरच्या पर्यायांचा क्रम बदलू शकतो.

ताकद : इथं झिरकोनिया पुढं आहे

सिरॅमिक वाकवून मोडायला किती ताण लागतो ते मेगापास्कलमध्ये मोजतात. झिरकोनिया हेही एक सिरॅमिकच. त्यात यिट्रिया नावाचं दुसरं ऑक्साइड मिसळतात; ज्यात त्याचं प्रमाण ३ मोल टक्के असतं तो झिरकोनिया ९०० ते १२०० मेगापास्कल सोसतो. ई-मॅक्स, म्हणजे लिथियम डायसिलिकेट, ४०० च्या आसपास. मेटल-सिरॅमिक कॅपवर जे दातासारखं दिसणारं पोर्सिलेन चढवतात ते जेमतेम १०० च्या आतबाहेर. त्याला खालून धातूचा आधार असतो म्हणून ते टिकतं, पण टवका उडतो तो त्याचाच.

झिरकोनियाची खुबी त्याच्या कणांत आहे. तडा पुढं सरकू लागला की तिथले कण आपली स्फटिकरचना बदलतात, बदलताना सुमारे ४ टक्के फुगतात आणि तड्याचं तोंड दाबून धरतात. ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी १९७५ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. दातांच्या कामात हा पदार्थ आला तो पुष्कळ नंतर.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम केलेल्यांना या घराण्याची ओळख आधीपासून आहे. साच्याला आणि कोअरला झिरकॉनचं कोटिंग मारतात ते वितळलेलं लोखंड वाळूत शिरू नये, तिला चिकटू नये म्हणून. झिरकोनिया काढतात तो याच झिरकॉन वाळूपासून. कशाशीही सहजासहजी संयोग होऊ द्यायचा नाही हा त्याचा स्वभाव. भट्टीत तो गुण आहे. तोंडात, सिमेंट लावताना, तोच अडचण होतो.

एक गोष्ट मात्र नीट विचारून घ्या. ‘झिरकोनिया’ या एका नावाखाली दोन-तीन वेगळे माल विकले जातात. जास्त पारदर्शक, खऱ्या दातासारखा दिसणारा झिरकोनिया हवा असेल तर यिट्रिया ५ टक्क्यांपर्यंत वाढवावं लागतं. मग ताकद साधारण ५०० ते ७०० वर येते आणि तडा दाबून धरण्याची ती खुबीही जवळजवळ जाते. समोरच्या दातांना हा माल शोभतो. जोरानं चावायच्या दाढेला ३ किंवा ४ टक्क्यांचा बरा. शिवाय झिरकोनियाच्या टोपीवर वरून पोर्सिलेन चढवलेली ‘लेअर्ड’ कॅप आणि एकाच ठोकळ्यातून कोरलेली ‘मोनोलिथिक’ कॅप यांत फार फरक आहे. लेअर्डचं पोर्सिलेन उडतं. दाढेला मोनोलिथिकच घ्या, यात माझं दुसरं मत नाही.

धरून राहणं : इथं चित्र बदलतं

‘डेंटल मटेरियल्स’ या नियतकालिकात २०१५ साली सुट्या कॅपबद्दलच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पाच वर्षांनंतर तोंडात टिकून राहिलेल्या कॅपचं प्रमाण त्यात असं होतं : मेटल-सिरॅमिक ९४.७ टक्के, ई-मॅक्सच्या जातीच्या काचयुक्त सिरॅमिकच्या ९६.६ टक्के, झिरकोनिया ९२.१ टक्के. सगळ्यांत मजबूत पदार्थ या तिघांत मागं राहिला. त्या काळातल्या झिरकोनिया कॅप बहुतेक लेअर्ड होत्या, त्यामुळं पोर्सिलेन उडणं हे एक कारण होतंच. पण दुसरी ठळक नोंद अशी होती की झिरकोनिया कॅप सैल होऊन निघण्याचं प्रमाण मेटल-सिरॅमिकपेक्षा जास्त होतं. पहिली अडचण मोनोलिथिकनं बरीचशी सोडवली. दुसरी अजून डॉक्टरांच्या हातात आणि तुमच्या खुंटात आहे.

कॅपला धरून ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे खुंटाचा आकार. सिमेंटचा नंबर त्याच्यामागून लागतो. दाढेच्या खुंटाला निदान ४ मिलिमीटर उंची हवी आणि बाजू जवळजवळ समांतर हव्यात, वर जाताना अगदी थोड्या निमुळत्या. पन्नाशीपर्यंत दाढा झिजलेल्या असतात, त्यात कीड आणि रूट कॅनल, मग खुंट अडीच-तीन मिलिमीटरचा उरतो. त्यावर बाजूनं जोर आला की कुठलीही कॅप कलंडायला बघते.

रूट कॅनल झालेल्या दाढेत आणखी एक मोजमाप महत्त्वाचं आहे. आतला गाभा फिलिंगचा असला तरी हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर खऱ्या दाताची भिंत उरायला हवी आणि कॅपनं तिला कवेत घ्यायला हवं. डॉक्टर याला फेरूल म्हणतात. फेरूल नसेल तर कॅपसकट गाभा बाहेर येतो किंवा मुळाला तडा जातो. तिथं झिरकोनियाची १२०० मेगापास्कल ताकद काही उपयोगाची नाही.

आता सिमेंट. ई-मॅक्समध्ये काचेचा अंश असतो. आतून हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावलं की तो खरबरीत होतो, वर सायलेन (जोड देणारा द्रव) लावून रेझिन सिमेंटनं ती कॅप दाताला अक्षरशः जोडता येते. झिरकोनियात काच नाही, त्यामुळं या ॲसिडनं त्याला असा खरबरीतपणा येत नाही. त्याला वेगळा क्रम लागतो : आतून कमी दाबानं ॲल्युमिनाचं सँडब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा), मग एमडीपी असलेला प्रायमर, मग रेझिन सिमेंट. एमडीपी हा रेणू जपानच्या कुरारे कंपनीनं आणला. त्याचं फॉस्फेटचं टोक झिरकोनियाला धरतं आणि दुसरं टोक रेझिनला.

इथं एक बारकी पण महागात पडणारी जागा आहे. डॉक्टर कॅप आधी दातावर बसवून बघतात तेव्हा आतल्या बाजूला लाळ लागते. लाळेतलं फॉस्फेट झिरकोनियाला चिकटून बसतं आणि एमडीपीची जागा अडवतं. पाण्यानं धुऊन ते जात नाही. दातांवर वापरायचं फॉस्फोरिक ॲसिड लावलं तर आणखी फॉस्फेट बसतं, म्हणजे सफाई करायला जाऊन पकड कमी होते. पुन्हा हलकं सँडब्लास्टिंग किंवा त्यासाठी मिळणारी खास सफाईची पेस्ट, हेच उपाय. खुर्चीवर बसल्या बसल्या ‘ट्राय झाल्यावर आतून साफ करणार ना?’ एवढं विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो.

खुंट उंच आणि घट्ट असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. मेटल, मेटल-सिरॅमिक आणि झिरकोनिया तिन्ही रेझिन मिसळलेल्या ग्लास आयोनोमर सिमेंटनं छान बसतात. खुंट आखूड असेल तेव्हाच सिमेंटवर भार येतो, आणि तेव्हाच झिरकोनियाची ही प्रक्रिया मनापासून झालेली असावी लागते.

लॅबच्या बाजूनंही एक सांगतो. झिरकोनिया कॅप सीएनसी मशीनवर ठोकळ्यातून कोरली जाते, मग सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत जाते आणि पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त आटते. ते आटणं आधीच हिशेबात धरलेलं असतं. पण बरची, म्हणजे मशीनच्या कोरणाऱ्या टोकाची, जाडी कुठं लपवणार? खुंटाला धारदार कोपरे असतील तर बर त्यात शिरत नाही, मग सॉफ्टवेअर तिथं जास्त माल काढायला लावतं आणि कॅप आतून ढिली होते. उद्यमनगरातल्या कुठल्याही मशीन शॉपवाल्याला हे एका वाक्यात कळेल. गोलसर कोपऱ्यांचा खुंट हाच झिरकोनियाचा खरा मित्र.

बाकीच्या बाबी, थोडक्यात

दात किती घासावा लागतो? मेटलला वरून १ ते दीड मिलिमीटर, मोनोलिथिक झिरकोनियाला १ च्या आसपास, मेटल-सिरॅमिकला दीड ते दोन. आखूड दाढेत हा अर्धा-एक मिलिमीटर सोन्याच्या मोलाचा.

समोरच्या दाताची झीज? झिरकोनिया कडक असल्यानं समोरची दाढ खाऊन टाकेल अशी भीती बरेच जण घालतात. चांगला पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला फारसा त्रास देत नाही. त्रास देतो तो चावा जुळवताना घासून तसाच खरबरीत सोडलेला. घासल्यावर झिरकोनियाच्या रबर पॉलिशरनं पुन्हा चमक आणायलाच हवी.

परत उघडायची वेळ आली तर? मेटल लवकर कापली जाते. झिरकोनियाला डायमंड बर, भरपूर पाणी आणि वेळ लागतो. ज्या रूट कॅनलबद्दल डॉक्टरांनाच खात्री नाही त्यावर घाईनं झिरकोनिया बसवू नये.

दिसणं? मेटल-सिरॅमिकच्या कडेला हिरडीजवळ कालांतरानं करडी रेघ दिसू शकते, झिरकोनियात ती येत नाही. निकेलची ॲलर्जी असेल तर निकेल-क्रोमचा धातू टाळा. खर्चात मेटल सगळ्यांत खाली, मग मेटल-सिरॅमिक, वर झिरकोनिया आणि ई-मॅक्स.

मग कुणी काय घ्यावं?

शेवटची दाढ, आखूड खुंट, जोराचा चावा : अखंड मेटल. ती हसताना दिसत नाही, मेटल-सिरॅमिकपेक्षा दात कमी घासावा लागतो, टवका उडायला वर काही नसतंच. ‘मावशी, जुन्या पद्धतीची वाटेल, पण हीच घ्या,’ असं एखाद्या डॉक्टरांनी सांगितलं तर ते तुमच्या भल्याचं सांगतायत. धातू अजिबात नको असेल तर ३ टक्क्यांचा मोनोलिथिक झिरकोनिया, खुंटाला बाजूनं खाचा पाडून आणि एमडीपीची पूर्ण प्रक्रिया करून.

पहिली किंवा दुसरी दाढ, चार मिलिमीटरचा खुंट, फेरूल शाबूत : मोनोलिथिक झिरकोनिया. इथं तो पैसे वसूल करतो. बजेट कमी असेल तर नीट बनवलेली मेटल-सिरॅमिकही वर्षानुवर्षं चालते, तिच्याकडं कमीपणानं बघू नका.

हसताना दिसणारी उपदाढ, एनॅमल शिल्लक, खुंट जरा आखूड : ई-मॅक्स, जोडून बसवलेली. रात्री दात खाण्याची सवय असेल तर मात्र मी ती सुचवणार नाही. अशा माणसानं कुठलीही कॅप घेतली तरी नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) वापरावा.

ब्रिजबद्दल, म्हणजे नसलेल्या दाताची जागा भरायला शेजारच्या दातांवर बसवलेल्या जोड-कॅपबद्दल, जास्त सावध राहा. सुटी कॅप सैल झाली की हातात येते, कळतं. ब्रिजचं एक टोक सुटलं तरी दुसरं त्याला धरून ठेवतं आणि सुटलेल्या टोकाखाली दात गुपचूप किडत राहतो. चावताना किंचित हलल्यासारखं वाटणं, वास येणं, तिथून आंबट पाणी आल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही झालं तर थांबू नका. खुंट आखूड असतील तर ब्रिजला मी आजही मेटल-सिरॅमिकच्या बाजूनं कौल देतो. झिरकोनियाच्या ब्रिजमध्ये दोन दातांमधला सांधा मागच्या बाजूला निदान ९ चौरस मिलिमीटरचा लागतो आणि आखूड दातांत तेवढी उंची मिळत नाही.

मिश्री लावणाऱ्या आपल्याकडच्या आयाबायांसाठी एक वेगळं सांगणं. मिश्री घासून हिरडी खाली जाते, कॅपची कड उघडी पडते आणि तिच्याखालचं मूळ किडतं. कॅप झिरकोनियाची असो की सोन्याची, किडतो तो दात. मिश्री सुटली तर कॅपवर खर्च केलेल्या पैशाचं चीज होईल.

वॉरंटी कार्डावर दहा-पंधरा वर्षं लिहिलेली असतात, त्यावरून निवड करू नका. कार्ड वाचा. साधारणपणे ते कॅप तुटण्याची हमी देतं. खाली दात किडला, मुळाला तडा गेला, कॅप निघाली, तर त्यात काय मिळतं ते बसवण्याआधी विचारून घ्या.

डॉक्टरांचं म्हणणं पटत नसेल किंवा खर्च झेपत नसेल तर नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, तिथल्या कृत्रिम दातांच्या विभागात खुंट दाखवून दुसरं मत घेता येतं.

आणि कॅप निघालीच, तर फेविक्विकनं चिकटवू नका. वाकडी बसली की चावा बिघडतो, आणि तो थर काढताना खुंटही खराब होतो. कॅप डबीत ठेवा, आतून खरवडू नका. सिमेंट कॅपच्या आत राहिलंय की दातावर, यावरून पकड कुठल्या बाजूनं सुटली ते डॉक्टरांना कळतं. कॅप आतून स्वच्छ आणि सिमेंट दातावर असेल तर झिरकोनियाच्या बाजूची तयारी कमी पडली, म्हणजे तीच कॅप सँडब्लास्ट करून पुन्हा बसण्याची शक्यता बरीच असते. सिमेंट सगळं कॅपमध्ये आणि दात मोकळा असेल तर खुंट, त्याची उंची आणि खालची कीड तपासल्याशिवाय ती परत बसवून घेऊ नका. चार-आठ दिवसांच्या आत जा. उघडा खुंट तुटतो, शेजारचे दात सरकतात, आणि अख्खी असलेली कॅपसुद्धा मग बसेनाशी होते.