टेडिर बिघडलं तर: एसई०३ की थेट टेबल?

एसएपी या व्यावसायिक सॉफ्टवेअरमधला प्रत्येक प्रोग्रॅम, टेबल, क्लास कुठल्या पॅकेजचा (म्हणजे गटाचा) आणि मूळ कुठल्या सिस्टीमचा, याची नोंद टेडिर टेबलात असते. ती चुकली की ट्रान्सपोर्ट, म्हणजे बदल एका सिस्टीममधून दुसरीकडे नेण्याचं काम, अडतो. सिस्टीम कॉपीनंतर तर हमखास: मूळ सिस्टीमच्या रकान्यात जुन्याच सिस्टीमचं नाव राहतं आणि स्वतः लिहिलेला झेड-प्रोग्रॅम उघडला तरी एसएपी त्याला परका समजून रिपेअर (दुसऱ्या सिस्टीमच्या वस्तूतला बदल अशी नोंद) मागतं.

पहिला मार्ग एसई०३, म्हणजे एसएपीचा ट्रान्सपोर्टच्या साधनांचा स्क्रीन. ऑब्जेक्ट डिरेक्टरीच्या मेनूतून नोंद उघडायची, पॅकेज किंवा मूळ सिस्टीम बदलायची. एसएपी अधिकार तपासतं, लॉक बघतं. डॉलर-टेम्पमध्ये, म्हणजे ट्रान्सपोर्ट न होणाऱ्या स्थानिक पॅकेजमध्ये, अडकलेला प्रोग्रॅम खऱ्या पॅकेजमध्ये हलवला, तर ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टही (बदल ज्यात नोंदून पुढे जातो ती) विचारतं. ही कटकट वाटते, पण पुढच्या सिस्टीमपर्यंत बदल त्या रिक्वेस्टमुळेच पोचतो. एकेक नोंद नको असेल तर एकगठ्ठा बदलायची सोयही तिथेच आहे.

दुसरा मार्ग डिबगरमधून (प्रोग्रॅम थांबवून आतली मूल्यं बघण्या-बदलण्याचं साधन) किंवा डेटाबेसवर थेट टेडिरची ओळ बदलण्याचा. काम मिनिटाचं, खरं आहे. पण ना तपासणी, ना रिक्वेस्ट. ओळच उडवली तर प्रोग्रॅमचा कोड जागेवर राहतो, चालतोही. फक्त त्याला पॅकेज उरत नाही, आणि हे कळतं ते ऐन ट्रान्सपोर्टच्या दिवशी.

एका प्रोजेक्टवर मीही घाईत असंच केलं होतं. डेव्हलपमेंट सिस्टीमला ठीक, क्वालिटीला (चाचणीच्या सिस्टीमला) पुन्हा तोच एरर. शेवटी रात्री दहाला एसई०३च उघडलं.