निसाबाची स्तोत्रं वाचायला ऑक्सफर्डचा सुमेरियन संग्रह: चांगला, पण जुना

निसाबा ही सुमेरची, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधल्या प्राचीन प्रदेशाची, धान्याची, लेखनाची आणि हिशेबाची देवी. तिच्याविषयीचं मूळ साहित्य फुकट वाचायचं तर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'इलेक्ट्रॉनिक टेक्स्ट कॉर्पस ऑफ सुमेरियन लिटरेचर'सारखी सोय नाही. जवळपास 400 रचना, रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी गद्य भाषांतर. काम मात्र 2006 मध्ये थांबलं, आणि ते जागोजागी जाणवतं.

इथे प्रत्येक रचनेला क्रमांक आहे. सुरुवात 4.16.1 पासून करा. हातात लाजवर्दाची (निळ्या मौल्यवान दगडाची) पाटी घेतलेली, आकाशातल्या ताऱ्यांच्या रंगाची निसाबा पहिल्याच ओळीत भेटते. मग 2.1.7, म्हणजे लगाश या सुमेरियन नगराच्या गुडिया राजाचं स्वप्न: तिथे ती लेखणी धरून, मांडीवर ताऱ्यांची पाटी घेऊन बसलेली आहे. तिचं शहर एरेश. तिथल्या गोठ्यातल्या गाईचं दूध एक मांत्रिक आटवतो, ती गोष्ट 1.8.2.4 मध्ये, करमणूक म्हणून हीच सर्वात सरस.

भाषांतरातल्या परिच्छेदाच्या क्रमांकावर क्लिक केलं की मूळ ओळी उघडतात. तिथे शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो. म्हणून मोबाइलवर अर्धी मजा जाते, संगणकच घ्या.

शोधताना हमखास फसगत होते. इथे 'श'साठी रोमन 'सी' आणि अनुनासिक 'ग'साठी 'जे' वापरलाय. एरेश नेहमीच्या स्पेलिंगने टाकलं तर लिप्यंतरात हाती काही लागत नाही. अक्षरामागचे आकडेही गाळू नका: 'झा3-मी2' (स्तुती) मधले 3 आणि 2 हे सारख्याच उच्चाराच्या वेगवेगळ्या चिन्हांचे क्रमांक आहेत. हा शब्द निसाबाच्या नावासोबत शोधा. आपल्या पोथ्या सरस्वतीला वंदून सुरू होतात, तर कितीतरी सुमेरियन रचना निसाबाच्या स्तुतीने संपतात.

मोठी उणीव म्हणजे ज्या मातीच्या पाट्यांवर हे साहित्य कोरलेलं आहे, त्यांचे फोटो नाहीत. शिवाय समोर दिसणारा पाठ बऱ्याचदा अनेक तुटक्या पाट्या जुळवून उभा केलेला असतो, त्यामुळे 'अमुक पाटीवर असं लिहिलंय' असा हवाला त्यावरून देऊ नका. प्रत्यक्ष पाटी बघायची तर 'क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह' या कीलाक्षरी पाट्यांच्या ऑनलाइन संग्रहावर जा. तिथे 'पी'ने सुरू होणारा क्रमांक टाकला की त्या पाटीची नोंद उघडते, फोटो असेल तर तोही.