लोगोचे पैसे आमचे, अर्ज त्यांच्या नावावर

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी आम्ही एक यंत्र बनवतो. वेलीजवळ टांगलं की हवेतला दमटपणा आणि पान किती वेळ ओलं राहिलं ते मोजतं आणि डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांचा इशारा मोबाइलवर देतं. ऑक्टोबर छाटणीआधी ते बाजारात आणायचं होतं, म्हणून गंगापूर रोडच्या एका एजन्सीला ब्रँडिंगचं काम दिलं. नाव, लोगो, खोका, वेबसाइट, ट्रेडमार्क असं सगळं मिळून दीड लाख, निम्मे ॲडव्हान्स.

लोगो म्हणजे एक हिरवं पान, त्यावर वायफायच्या कमानी. भागीदाराचे काका जुने बागाईतदार. खोका उलटापालटा करून म्हणाले, "अरे, द्राक्षाच्या पानाला पाळ्या असतात. हे जांभळाचं पान कुठून आणलं?" तेव्हा सगळे हसले. पुढे पिंपळगावात एका ठिबकवाल्याच्या पाटीवर तेच पान, त्याच कमानी! गूगलवर फोटो टाकून शोधलं, तर तयार टेम्प्लेट निघालं. असल्या टेम्प्लेटच्या परवान्यात बहुधा ट्रेडमार्क करायची मुभाच नसते.

पण खरी गोम पुढे होती. खोक्यावर नावाशेजारी गोलातला 'आर', म्हणजे ट्रेडमार्कची नोंदणी झाल्याची खूण, छापलेला. "रजिस्ट्रेशन झालंय सर," असं ठणकावून सांगितलेलं. आमच्या सीएने अर्ज क्रमांक मागितला, तेव्हा टोलवाटोलवी सुरू झाली. शेवटी मिळाला, तो ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर टाकला (तिथे शोधायला पैसे पडत नाहीत). नोंदणी कुठली, नुसता अर्ज! अर्जदाराच्या रकान्यात एजन्सीच्या मालकाचं नाव. ट्रेडमार्क माल-सेवेच्या वर्गानुसार मिळतो. अर्ज होता वर्ग ३५ मध्ये, म्हणजे जाहिरातीच्या. आमचं यंत्र ९ मध्ये, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांत येतं. याची 'सरकारी फी' म्हणून आमच्याकडून १८,००० घेतले होते. व्यक्ती किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० पडतात.

नोंदणी इतक्या झटपट होतही नाही. अर्ज तपासला जातो, मग रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतो आणि हरकतीला चार महिने असतात. त्याआधी 'आर' लावणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०७ प्रमाणे बेकायदेशीर आहे, आणि खोक्यावर नाव आमचं! सगळ्या खोक्यांवर स्टिकर मारत बसलो.

लोगोची मूळ फाइल मागितली, तर "ओपन फाइलचा चार्ज वेगळा." डोमेनही त्यांच्याच नावावर. पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं असं होत नाही, हे वकिलाने सांगितलं. बाहेरच्या डिझायनरने केलेल्या कामाचा कॉपीराइट एरवी त्याच्याकडेच राहतो. तो आपल्या नावावर करून घ्यायला सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहायची राहिली, तर कायदा पाचच वर्षं धरतो. तेव्हा बाकीचे पैसे द्यायच्या आधी हा करार, मूळ फाइल आणि डोमेनचा ताबा घ्या. ट्रेडमार्कचा अर्ज क्रमांक स्वतः तपासा.

आम्ही आता नवं नाव घेऊन वर्ग ९ आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवा) मध्ये स्वतःच अर्ज केलाय. पोलिसांत तक्रारही दिलीय, त्यामुळे एजन्सीचं नाव इथे लिहीत नाही. जुनी वेबसाइट मात्र अजून त्यांच्या ताब्यात आहे. पान आणि कमानींचा लोगो असलेल्या साइटवर द्राक्षाच्या यंत्राचं बुकिंग मागितलं, तर पैसे भरू नका. आमचं बुकिंग सध्या बंद आहे.