पेढी आमची, पण हिशेबाची किल्ली त्याच्या खिशात

२०१९ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या पेढीत छातीइतकं पाणी होतं. दागिने आधीच हलवले होते, वह्या मात्र राहिल्या. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, भिशीची, म्हणजे गिऱ्हाइकांनी सोन्यासाठी भरलेल्या हप्त्यांची, वही उघडली तर पानांचा नुसता लगदा. तेव्हाच ठरवलं, हिशेब अशा जागी ठेवायचा की कृष्णा पेढीत शिरली तरी त्याला धक्का लागू नये.

म्हणून २०२३ मध्ये वेबवर चालणारं सॉफ्टवेअर करून घ्यायला घेतलं. ओळखीतून एक जण आला. आप्पांना ‘काका’, मला ‘वहिनी’. लॅपटॉपवर बिल, टॅग, स्टॉक सगळं झकास दाखवलं. ‘खास तुमच्यासाठी नव्यानं बनवतो’ म्हणाला. १ लाख ८० हजार ठरले, १ लाख लगेच दिले. करार केला नाही. घरच्यासारखा पोरगा, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, असं वाटलं.

माल चढवायला बसले तेव्हा पहिली शंका आली. अंगठीच्या फॉर्ममध्ये ‘एक्स्पायरी डेट’चा रकाना! कुठल्या तरी किराणा दुकानाचं तयार बिलिंग उचलून त्यावर आमचं नाव चिकटवलं होतं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा अंक-अक्षरांचा सहा खुणांचा ओळख क्रमांक, लागतो, त्याला जागाच नव्हती. ‘शेऱ्यात लिहा’ म्हणाला. वजन दोनच दशांशांपर्यंत घ्यायचं. काट्यावर २३.४६८ ग्रॅम भरलेलं मंगळसूत्र पडद्यावर २३.४७. एका नगात कळत नाही, पण शेकडो नगांचा ताळा बसेना आणि आम्ही आमच्या जुन्या कारागिराकडे संशयानं बघायला लागलो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याहून वाईट पुढेच होतं. दसऱ्याला पाटल्या नेलेल्या एक बाई बिल हरवलं म्हणून नक्कल मागायला आल्या. मी बिल उघडलं तर रक्कम वेगळीच. विक्रीच्या दिवशीचा भाव बिलात साठवलाच जात नव्हता. जुनं बिल उघडलं की त्या दिवशीच्या चालू भावानं परत गुणाकार व्हायचा, त्यावरचा ३ टक्के जीएसटीही बदलायचा. भरलेला कर एक, आमची बिलं दुसरंच सांगणार. सराफांनो, कोणी असं काही दाखवायला आला तर त्याच्यासमोर एक बिल करा, सोन्याचा भाव बदला आणि तेच बिल परत उघडून बघा.

दुरुस्ती मागितली तर आधी उरलेले पैसे द्या म्हणाला. तेही दिले. दुरुस्ती झाली नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या सकाळी सॉफ्टवेअर उघडेना. ‘वहिनी, सर्व्हरचं रिन्यूअल आहे, ४५ हजार टाका, लगेच चालू करतो.’ भिशीचे सव्वातीनशे सभासद, मोडीचं जमा सोनं, कारागिरांकडे गेलेलं सोनं, सगळं आत अडकलेलं. मुकाट्यानं पाठवले. चार महिन्यांनी परत तेच, आता ६० हजार. तेव्हा भाच्यानं शोधून काढलं: डोमेन (वेबवरचा पत्ता) आणि होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) आमच्या पैशांनी घेतलेलं, पण त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. आमचा पासवर्ड फक्त बिल फाडण्यापुरता. डेटाबेसची एक प्रतसुद्धा हातात नव्हती.

या वेळी पैसे दिले नाहीत. वकिलांनी सांगितलं, बाहेरच्या माणसाकडून सॉफ्टवेअर करून घेतलं आणि लेखी काही नसलं, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कोडचा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. पण हक्काच्या माणसाला संगणकात शिरू न देणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. तक्रार दिली आहे. करार असता तर ती कितीतरी भक्कम झाली असती. डोमेन कोणाच्या नावावर, डेटाची प्रत कोणाकडे, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या, माणूस कितीही ओळखीचा असो.

भिशी आम्ही गिऱ्हाइकांकडच्या कार्डांवरून परत उभी केली. ११ हप्त्यांचं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर आप्पांची सही. तीन आठवडे एकेकाला फोन करून कार्डं मागवली आणि वहीत उतरवली. नऊ जणींची कार्डंही हरवली होती. त्यांनी तोंडी सांगितला तोच आकडा आप्पांनी जमा धरला.