जुन्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेल तपासून पुन्हा वापरणे : आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने मी माझ्याकडील तीन जुन्या ट्रॅक्टरांतून काढलेले हायड्रॉलिक तेल तपासत आहे आणि त्यातील जे वापरण्याजोगे ठरेल ते पुन्हा भरत आहे. लिफ्टचे (मागची अवजारे उचलणाऱ्या यंत्रणेचे) झाकण उघडले, पंप उतरवला किंवा मागच्या ॲक्सलचे सील बदलले की सगळे तेल बाहेर काढावेच लागते, आणि ते थोड्याच महिन्यांपूर्वी भरलेले असेल तर टाकून देणे जिवावर येते. त्यासाठी मी घरच्या घरी करता येतील अशा काही चाचण्या सुरू केल्या आणि त्यांच्या जोडीला अधूनमधून प्रयोगशाळेत नमुने पाठवले. या काळात माझे जे मत बनले ते आधीच सांगतो: घरगुती चाचणीने तेल खात्रीने नापास करता येते, पण पास करता येत नाही.

यामागचे कारण या ट्रॅक्टरांच्या रचनेत आहे. १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई २० सारख्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि लिफ्ट यांना एकच तेल पुरते, आणि पुढच्या अनेक ट्रॅक्टरांत याच तेलात ब्रेकच्या चकत्याही बुडालेल्या असतात. त्यामुळे गिअरच्या दाताचा उडालेला कण, ब्रेकच्या अस्तराची पूड आणि सीलमधून शिरलेली धूळ हे सारे फिरून पंपाच्या तोंडाशी येते. केवळ लिफ्ट उचलते म्हणून असे तेल चांगले म्हणता येत नाही, कारण तेच तेल गिअरवरचा दाबही झेलत असते आणि ब्रेकची पकडही सांभाळत असते.

पहिला महिना माझा नमुना घेण्याच्या चुकीत गेला. ड्रेन प्लग ढिला करून पहिल्या धारेखाली बाटली धरत होतो, म्हणजे तळाचा गाळच तपासत होतो, आणि प्रत्येक तेल मला टाकाऊ वाटत होते. आता ट्रॅक्टर अर्धा तास चालवून, लिफ्ट पाच-सहा वेळा वरखाली करून, तेल गरम असतानाच डिपस्टिकच्या भोकातून स्वच्छ नळी मध्यापर्यंत सोडून नमुना ओढतो. त्याआधी भोकाभोवतालची माती पुसून घेतो, कारण तिची एक चिमूट आत पडली तरी पुढची सारी तपासणी व्यर्थ जाते.

सर्वांत उपयोगी ठरली ती पाण्याची तव्यावरची चाचणी. तवा सुमारे १५० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि पाहायचे. कोरडे तेल नुसते पसरते. पाणी असेल तर थेंबात बुडबुडे उठतात आणि प्रमाण वाढले की थेंब तडतडतो. साधारण ०.०५ टक्क्यांहून कमी पाणी या चाचणीत दिसत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. डोळ्यांवर चष्मा हवाच. चकचकीत धातूवर दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड तापमापक बरेच कमी आकडा दाखवतो, त्यामुळे माझा तवा सुरुवातीला नको तितका तापत होता आणि कोरडे तेलही धूर सोडत होते. तव्याच्या कडेला मॅट काळ्या रंगाचा ठिपका देऊन तिथे माप घेऊ लागल्यावर ही अडचण सुटली.

या चाचणीनेच मला माझ्या सर्वांत नव्या दिसणाऱ्या ट्रॅक्टरचा दोष दाखवला. त्याचे तेल मधासारखे पिवळसर होते, गरम असताना आरपार दिसत होते, आणि मी ते जवळजवळ तसेच भरणार होतो. पण रात्रभर ठेवलेल्या बाटलीत सकाळी हलकासा धुरकटपणा उतरला होता, आणि तव्यावर पडताच थेंब असा तडतडला की मी दचकून मागे सरलो. गिअर लीव्हरच्या बुडाशी असलेले रबरी आवरण दोन बोटांनी दाबले, तेव्हा घडीतली चीर उघडली. पावसाचे पाणी लीव्हरवरून ओघळत थेट गिअरबॉक्समध्ये जात होते. आवरण बदलले नसते, तर नवे भरलेले तेलही काही आठवड्यांत असेच झाले असते. ट्रॅक्टरांसाठीची एकत्रित तेले पाणी आपल्यात विरवून ठेवतील अशीच बनवलेली असतात, त्यामुळे डबा उभा ठेवून पाणी तळाला बसेल ही आशा इथे फारशी उपयोगी पडत नाही.

ते तेल सुकवण्याचाही प्रयत्न केला. रुंद भांड्यात, उघड्या ज्योतीपासून दूर, विजेच्या हीटरवर ७० अंशांच्या आसपास ठेवून दोन दिवस ढवळत राहिलो. घाईने १०० अंशांच्या वर नेले तर तळचे पाणी एकदम वाफ होऊन तेल उसळते, म्हणून तो मोह कोणी करू नये. दोन दिवसांनी तवा शांत झाला, पण बाटली जोराने हलवल्यावर आलेला फेस ताज्या तेलात लगेच विरला आणि या तेलात बराच वेळ टिकून राहिला. प्रयोगशाळेच्या अहवालात आम्लांकही (तेल किती आंबले ते सांगणारा आकडा) नव्या तेलापेक्षा स्पष्ट वाढलेला आला. पाणी उडून गेले तरी त्याने केलेले नुकसान उडून जात नाही, आणि तेलात मुद्दाम घातलेली, पण आता झिजलेली रसायने गाळून किंवा तापवून परत येत नाहीत. हा खटाटोप मी पुन्हा करणार नाही.

दाटपणा पाहण्यासाठी दोन सारख्या काचनळ्यांत ताजे व जुने तेल भरून, दोन्ही एकाच तापमानाला आणून, सारख्या पोलादी गोळ्या सोडतो. ठळक फरक लगेच कळतो. पण साधारणपणे १० टक्क्यांचा बदलही गंभीर मानला जातो आणि तेवढे बारीक माप या नळ्यांतून मिळत नाही. गाळणकागदावर थेंब टाकून डाग पाहण्याची पद्धत मी तीन महिन्यांत सोडून दिली. काजळी धरणाऱ्या इंजिन तेलाला ती शोभते. इथे तिने मला काहीच नवे सांगितले नाही.

कणांसाठी हातपंपाने १०० मिलिलिटर तेल स्वच्छ द्रावकात पातळ करून पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणचकतीतून ओढतो आणि चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. नुसत्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या खालचे कण दिसत नाहीत, आणि पंपाला खाणारे कण तर त्याहून कितीतरी बारीक असतात. चकतीवरचे पारदर्शक, टोकदार कण म्हणजे धूळ. चमकणारे पातळ पापुद्रे म्हणजे झिजलेले पोलाद. पिवळे ठिपके म्हणजे बुश (फिरत्या दांड्याभोवतीची धातूची नळी) किंवा चकत्या यांची झीज. दुसऱ्या ट्रॅक्टरचे तेल काळपट आणि उग्र वासाचे होते, मी ते बघताक्षणी बाद ठरवले होते. चकतीवर मात्र धूळ किंवा धातूचे कण नव्हते, आणि तो काळेपणा बहुतांशी ब्रेकच्या अस्तराचा असल्याचे दिसले. प्रयोगशाळेनेही दाटपणा व पाणी मर्यादेत असल्याचे कळवले. रंगावर निकाल देण्याची माझी सवय त्या दिवशी मोडली.

प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल एक इशारा आवश्यक आहे. लोह, तांबे, सिलिकॉन यांचे आकडे देणारे वर्णपटमापन काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट मोजत नाही, त्यामुळे गिअरचा दात तुटत असतानाही लोहाचा आकडा साधाच दिसू शकतो. ड्रेन प्लगवरच्या चुंबकाकडे पाहणे म्हणूनच सोडू नये: राखाडी लगदा ही नेहमीची झीज आहे, बोटाला टोचणारी कपची मात्र नेहमीची नव्हे. शिवाय त्याच डब्यातील न वापरलेल्या तेलाचा नमुना सोबत पाठवल्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही. मी पाठवला तेव्हा कळले की नवे तेलही कणांच्या मोजणीत अपेक्षेइतके स्वच्छ नव्हते, आणि तेव्हापासून नवे तेलसुद्धा गाळूनच भरतो.

काही तेल तपासण्याच्या भानगडीतच पडत नाही. पंप फुटल्यानंतर निघालेले, आधीच्या मालकाने काय मिसळले ते ठाऊक नसलेले, आणि ज्यात ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल पडल्याची शंका आहे ते थेट वेगळे काढतो, कारण असे ब्रेक ऑइल खनिज तेलात मिसळत नाही आणि त्यासाठी न बनवलेल्या सीलना बिघडवते. एका ट्रॅक्टरचे तेल दुसऱ्यातही घालत नाही.

आज काळपट तेलाचा तो ट्रॅक्टर दहा मायक्रॉनच्या गाळणीतून दोनदा ओढलेल्या त्याच तेलावर चालतो आहे. ब्रेक लावताना कुरकुर ऐकू येत नाही आणि लिफ्ट भार घेऊन स्थिर राहते. त्याचा पुढचा नमुना ५० तासांनी निघेल. तडतडलेले पिवळे तेल झाकण घट्ट लावून, वर तारीख आणि कारण लिहून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्याची वाट पाहत शेडच्या कोपऱ्यात ठेवले आहे.