अँकी ॲप: मराठी शिकणाऱ्यांच्या कितपत कामाचं?

नोकरीमुळे खारघर-नेरुळला येऊन मराठी शिकू पाहणाऱ्याला कुणी ना कुणी अँकी, म्हणजे कार्डांवरून शब्द पाठ करून घेणारं ॲप, सुचवतंच. अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर बऱ्यापैकी महाग. विसरायच्या बेतात असलेला शब्द वेळेवर समोर आणण्यात त्याचा हात धरणारं ॲप क्वचितच. पण प्रत्येक कार्ड ते सुटं धरतं, आणि डोक्यातले शब्द सुटे नसतात.

'भात' म्हटलं की मराठी माणसाला वरण, कुकर, लिंबू सुचतं. नवशिक्याला 'हात' सुचतो, नाहीतर 'चावल'. शब्दावरून शब्द सुचवण्याच्या चाचण्या केंट आणि रोझॅनॉफ या संशोधकांच्या 1910 च्या शब्दयादीपासून चालत आल्यात. परभाषा शिकणाऱ्यांची उत्तरं त्यांत जास्त विखुरलेली आणि सुरुवातीला बरीचशी आवाजावर बेतलेली येतात. 'भात = चावल' छाप कार्डांनी हिंदीचीच दोरी घट्ट होते.

खरी गोची क्रियापदांत. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्नही पडतं. 'पडणे = गिरना' घोकलेला माणूस 'मला स्वप्न आलं' म्हणणारच. म्हणून पुढे शब्द, मागे अर्थ असं 'बेसिक' कार्ड सोडा, गाळलेली जागा भरायचा 'क्लोझ' प्रकार घ्या आणि आख्खं वाक्य टाका: 'काल मला विचित्र स्वप्न ___.' एका क्रियापदाची तीन-चार वाक्यं करा, पण एकाच दिवशी नकोत.

तयार डेकमध्ये (कार्डांच्या संचात) रंग, भाज्या, नाती गठ्ठ्याने येतात. दिसायला नीटनेटकं, शिकायला वाईट. एकाच गटातले नवे शब्द एकत्र दिले की ते पाठ व्हायला जास्त वेळ लागतो, हे टिंकहॅम या संशोधकाने 1993 मध्ये दाखवलंय. 'डावा' पक्का होईस्तोवर 'उजवा' सस्पेंड, म्हणजे तात्पुरता बंद, ठेवा. आठदा चुकलेल्या कार्डावर अँकी 'लीच'चा (जळवेसारखं वेळ खाणारं कार्ड) शिक्का मारतं. ते रेटत बसू नका, त्याच्याशी गल्लत होणारा शब्द शोधा. बहुधा त्याच डेकमध्ये असतो.

रोजची 20 नवी कार्डं ही मूळ सेटिंग आठ-दहावर आणा. नाहीतर काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभर कार्डांपुढे जाते आणि वाशी-सीएसएमटी लोकलचा प्रवासही पुरत नाही.

आवाज स्वतः भरा. 'चहा' आणि 'चमचा' यांतला च लिहिताना एकच, बोलताना वेगळा. ही गोष्ट कार्डावरच्या अक्षरांतून कळायची नाही. भाजीवाल्या मावशींना विचारून त्यांचा आवाज रेकॉर्ड केला तरी चालेल.